पिठाचा कोंबडा, पोलादाचा मेंढा

यशोधर राजाची गोष्ट आमच्या घरी दशलक्षण पर्वात हमखास निघायची. उज्जयिनीचा हा राजा. आपली राणी अमृतमती रात्री एका कुबड्या माहुताकडं जाते हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि त्याचं मन संसारातून उडालं. आईला, चंद्रमतीला, खरं सांगण्याची सोय नव्हती, म्हणून त्यानं वाईट स्वप्नाचं निमित्त केलं. आई म्हणाली, देवीपुढं पशू बळी दे, अरिष्ट टळेल. जीव मारायला राजा तयार होईना. मायलेकांची ओढाताण झाली आणि शेवटी तडजोड निघाली: खरा कोंबडा नको, पिठाचा करू. पिठाचा कोंबडा घडवला गेला, देवीपुढं ठेवला गेला आणि राजानं त्याच्यावर तलवार चालवली. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी कथा त्याला सोडत नाही. राणी दोघांना विष घालते आणि मायलेक जन्मामागून जन्म जनावरांच्या योनीत फिरत राहतात. मोर आणि कुत्रा इथून सुरुवात होते, आणि बऱ्याच हालांनंतर दोघं कोंबडा आणि कोंबडी होऊन जन्माला येतात.

सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलकचंपू’त ही कथा संस्कृतात मांडली, पुष्पदंतानं मान्यखेटला, म्हणजे आजच्या मळखेडला, ती अपभ्रंशात सांगितली. लहानपणी मला ती अन्यायाची वाटे. पीठ कापलं त्याची एवढी शिक्षा? आजीचं उत्तर ठरलेलं असे: हात पिठावर होता, मन कोंबड्यावर होतं.

साठी उलटल्यावर ही गोष्ट पुन्हा माझ्या मागं लागली, त्याला कारण एक पिस्तूल आणि त्या पिस्तुलासाठी मी शोधलेला एक मेस्त्री.

मी कोल्हापूरचा, दिगंबर जैन घरातला. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, उद्यमनगरात लेथवरचं काम. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करण्यात त्यांची हयात गेली. मी त्याच तेलाच्या वासात वाढलो, टूलरूमचं काम शिकलो आणि नोकरीसाठी कोलोरॅडोतल्या प्वेब्लोला आलो. हेही पोलादाचंच गाव. इथं मी मेटॅलिक सिल्युएट नावाचा नेमबाजीचा खेळ खेळू लागलो आणि तो आजतागायत खेळतो.

खेळ असा. पोलादी पत्र्याच्या जनावरांच्या आकृत्या एका ओळीत उभ्या असतात. ५० मीटरवर कोंबड्या, १०० मीटरवर रानडुकरं, १५० मीटरवर टर्की, २०० मीटरवर मेंढे. दोन मिनिटांत पाच गोळ्या, पाच आकृत्या, डावीकडून उजवीकडं. हुकलेल्या आकृतीकडं परत वळता येत नाही. आणि मुख्य नियम म्हणजे नुसती गोळी लागून भागत नाही, आकृती आडवी पडावी लागते. उताणं झोपून, एक पाय दुमडून, पिस्तूल पोटरीच्या बाजूला टेकवून नेम धरायचा. नळीच्या तोंडातून निघणाऱ्या झोतानं पाय भाजू नये म्हणून पोटरीला जाड चामडं बांधायचं. मेंढा दोनशे मीटरवर असतो, त्यामुळं तो पडताना आधी दिसतो, आणि पोलादाचा ठणका त्यानंतर अर्ध्या सेकंदानं कानावर येतो.

हा खेळ मेक्सिकोचा. तिथं पूर्वी खरी जनावरं लांबवर बांधून त्यांच्यावर नेम धरत. १९४८ साली मेक्सिको सिटीत पोलादाच्या आकृत्यांवर पहिला सामना झाला, आणि जिवंत जनावरांच्या जागी पत्रा आला. आकार मात्र तेच राहिले. अमेरिकेत पिस्तुलांनी हा खेळ खेळणाऱ्यांची संघटना १९७६ साली उभी राहिली. आमच्या भागातले लोक रॅटनच्या व्हिटिंग्टन सेंटरला जातात. न्यू मेक्सिकोच्या हद्दीत, तेहतीस हजार एकरांचं माळरान आहे.

सांगलीला असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, हे कुणाकडून तरी ऐकलं आणि फोनवर विचारलं, “बाळ, तू कोंबड्या पाडतोस म्हणं?”

“अक्का, लोखंडाच्या हायत त्या.”

“तो पण पिठाचाच हुता,” ती म्हणाली, आणि पुढं पावसाचं बोलू लागली.

माझं पिस्तूल रेमिंग्टनचं एक्सपी-१००. १९६३ साली बाजारात आलेलं. त्याचा बोल्ट रायफलचा, मूठ पिस्तुलाची, एका वेळी एकच गोळी, आणि दस्ता ड्यू पॉन्टच्या नायलॉनचा. खांद्याला लावायचा भाग नाही, म्हणून कायद्याच्या नजरेत ते पिस्तूल. तसा भाग जोडला आणि नळी सोळा इंचांहून आखूड असली, तर १९३४च्या कायद्याखाली तीच वस्तू आखूड रायफल ठरते आणि तिची वेगळी नोंदणी करावी लागते. इंचाइंचानं मोजून आखलेल्या या रेषा मला आवडतात. निदान त्यावरून कुणीतरी वस्तूकडं नीट पाहिलं होतं एवढं कळतं.

हे पिस्तूल त्याच्या मूळ काडतुसाचं, पॉइंट टू टू वन फायरबॉलचं. पन्नास ग्रेनच्या आसपासची हलकी, वेगवान गोळी. कोंबड्यांना, डुकरांना ती पुरते. मेंढ्याला पुरत नाही. नेम बरोबर छातीत बसतो, रंग उडालेला दुर्बिणीतून दिसतो, मेंढा जरा हलतो आणि उभाच राहतो. वीस किलोहून जड पोलाद ढकलायला गोळीतच वजन हवं. म्हणून या खेळातले जुने लोक या पिस्तुलाला सेव्हन एमएम बीआर काडतुसाची नळी बसवून घेत. एकशेचाळीस ग्रेनची गोळी मेंढा पाडते. मलाही तेच हवं होतं. शिवाय जुन्या नळीची आतली कड झिजलीच होती.

आता नळी बदलणारा मेस्त्री शोधायचा. हे काम बाजारात पडलेलं नाही. आजकाल दुकानं आहेत ती तयार भाग जोडणाऱ्यांची. खोक्यातून काढायचं, स्क्रू आवळायचे. साठ वर्षांपूर्वीच्या बोल्टला नवी नळी लावायची तर तिच्यावर आटे काढावे लागतात, काडतुसाचा कप्पा रीमरनं कोरावा लागतो, आणि बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागं किती जागा उरते ते गेज लावून पाहावं लागतं. ती जागा चुकली तर पिस्तूल वापरणाऱ्याच्या तोंडाशी फुटू शकतं. ज्यांच्या हातात हे काम होतं ते म्हातारे झाले, गेले. उरलेल्यांकडं वर्षावर्षाची रांग. एकानं फोनवर सगळं ऐकून घेतलं, ताबडतोब दर सांगितला आणि पाठवून द्या म्हणाला. दर वाजवी होता. मी पाठवलं नाही.

का पाठवलं नाही, हे मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. अण्णांच्या दुकानात कुणी पाती घेऊन आला, की अण्णा आधी विचारत, “कशाला पायजे?” ऊस तोडायला असेल तर धार एक, कडबा कापायला असेल तर दुसरी. प्रश्न कामासाठीच होता. पण एकदा एक जण उत्तर द्यायला कचरला, आणि अण्णांनी पाती तशीच परत केली. पैसे सोडले. मेस्त्रीनं विचारावं, असं माझ्या हाडात तेव्हापासून बसलंय.

शेवटी ट्रिनिडाडजवळ एक जण मिळाला. ट्रिनिडाडच्या कॉलेजात १९४७ पासून बंदुकांचं काम शिकवतात. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना हाताला धंदा मिळावा म्हणून सुरू झालेला तो वर्ग. हा गृहस्थ तिथं शिकला आणि त्याच डोंगराच्या कुशीत राहिला. शेडमध्ये एक जुनी लेथ, खिडकीशी टेबल, भिंतीवर एल्कची शिंगं. पिस्तूल हातात घेताच त्यानं बोल्ट उघडून रिकामं असल्याची खात्री केली, मला दाखवली, मग परत स्वतः पाहिली. नळीत बारीक कॅमेऱ्याची कांडी घातली आणि पडदा माझ्याकडं फिरवला. काडतुसाच्या पुढं जिथं खाचा सुरू होतात तिथलं पोलाद सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखं तडकलेलं होतं. पुढं पुढं ते गुळगुळीत होत गेलं. तो काही बोलला नाही. मला नीट पाहू दिलं.

मग विचारलं, “सेव्हन बीआर कशासाठी?”

मी म्हटलं, मेंढे पडत नाहीत.

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. म्हणाला, “लोखंडाला जखम होत नाही. शिकारीसाठी म्हणाला असतात तर मी केलं नसतं.” तो स्वतः शिकारी. दर हिवाळ्याआधी एक एल्क मारतो आणि घरात वर्षभर तेच मांस खातात. पण पिस्तुलाला लांब पल्ल्याची नळी बसवून देणं त्यानं बंद केलंय. कारण घेणारा दोनशे-तीनशे मीटरवरून जनावरावर गोळी झाडतो, ती पोटात किंवा जबड्यात लागते, आणि जनावर डोंगरात जाऊन दोन-तीन दिवसांनी मरतं. “मी केलेली नळी असते ती,” तो म्हणाला. जवळ जायचे कष्ट न घेता मारणं हा त्याच्या लेखी गुन्हा. मारणं हा नाही.

मला त्याचा हिशेब माझ्या हिशेबाच्या उलटा दिसला, तरी हा माणूस हिशेब ठेवतो हे पटलं. महाभारतात सौप्तिकपर्वात एक प्रसंग आहे; फार सांगितला जात नाही. अश्वत्थामा द्वारकेला येतो आणि कृष्णाकडं सुदर्शन मागतो. त्याच्या बदल्यात आपलं ब्रह्मशिर अस्त्र देऊ करतो. कृष्ण म्हणतो, घे. त्याला ते उचलत नाही, डाव्या हातानंही नाही, उजव्या हातानंही नाही. दमून तो बाजूला होतो, तेव्हा कृष्ण विचारतो: अर्जुनानं, बलरामानं, प्रद्युम्नानं कधी मागितलं नाही, ते तू कुणाशी लढायला मागितलंस? आणि अश्वत्थामा सरळ सांगतो, तुमची पूजा करून तुमच्याशीच लढणार होतो. शस्त्र देण्याआधी हा प्रश्न हवा, असं मी समजत आलो. पण ती कथा सांगितली कधी जाते? अश्वत्थाम्याकडं ब्रह्मशिर आहे, तो ते वापरणार, आणि भीम त्याच्या मागं एकटाच धावत गेलाय, तेव्हा. द्रोणांना मुलाचा स्वभाव ठाऊक होता, ताकीद देऊन त्यांनी ते अस्त्र दिलं होतं. आणि द्रोण तर आता जिवंतही नव्हते. देणारा गेला, ताकीद गेली, अस्त्र राहिलं.

कदाचित याच वाटेनं त्या मेस्त्रीचा दुसरा प्रश्न आला. कागद भरताना, वहीत अनुक्रमांक लिहिताना, त्यानं मान वर न करता विचारलं, “तुमच्यानंतर हे कुणाकडं जाणार?”

मी म्हटलं, ठरवलं नाही.

“फायरबॉलनं खारी मारतात,” तो म्हणाला. “सेव्हन बीआरनं हरीण मरतं. लोखंड पाडण्यासाठीच मी ते करतोय, पण या पिस्तुलाला ते माहीत नसणार.”

या एका वाक्यापाशी मी थांबलोय. अमेरिकेत बंदुकीवर वाद निघाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, बंदूक कुणाला मारत नाही, माणूस मारतो. दुसरी म्हणते, बंदूक नसती तर माणूस मारू शकला नसता. दोन्हीकडची माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि दोन्ही मनापासून बोलतात. मला या वादात उमास्वातींची आठवण होते. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात, कर्म आत्म्यात कसं शिरतं हे सांगताना, ते त्याचा आधार कोणता ते सांगतात, आणि त्याला अधिकरण म्हणतात. अधिकरण दोन प्रकारचं: जीव आणि अजीव. करणारा आणि वस्तू, दोन्ही. एक मोजला म्हणून दुसरं सुटत नाही.

जीवाच्या बाजूचा हिशेब तर असा बारीक की टूलरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाला तो वाचताना घरी आल्यासारखं होतं. ठरवणं, तयारी करणं, प्रत्यक्ष करणं हे तीन. ते मनानं, वाणीनं, शरीरानं, म्हणजे नऊ. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, दुसऱ्यानं केलेल्याला मान्यता दिलेली, म्हणजे सत्तावीस. आणि त्यामागं क्रोध, मान, माया किंवा लोभ, म्हणजे एकशेआठ. आमच्याकडं जपमाळेतल्या मण्यांची संख्या याच्याशी जोडून सांगतात. त्या शेडमध्ये मी ‘करवलेलं’ या खान्यात उभा होतो आणि तो ‘केलेलं’ या खान्यात. आणि आम्ही दोघंही ‘तयारी’त होतो. यातून कुणी कुणाकडं बोट दाखवून निसटू शकत नाही.

अजीवाच्या बाजूला घडवणं आहे, ठेवणं आहे, जोडणं आहे. घडवलेली वस्तू कुठंतरी ठेवली जाते. ठेवलेली वस्तू कशाशी तरी जोडली जाते. नवी नळी जुन्या बोल्टला जोडणं हे मी करवत असलेलं काम शब्दशः त्या यादीत होतं.

समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाला विनाकारण होणाऱ्या पापांपासून वाचायला सांगितलं, त्यात हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं हे एक धरलंय. यादीत तलवार आहे तशी कुऱ्हाड आहे, कुदळ आहे, विस्तवही आहे. मला यात समंतभद्रांचं मोठेपण दिसतं. त्यांनी शस्त्र आणि अवजार यांच्यात सोयीची भिंत घातली नाही. कुदळ तुमच्या शेतात असेल तोवर तुमची जबाबदारी तुम्हाला दिसते. ती दुसऱ्याच्या हातात गेली की तुमच्या नजरेआड होते आणि जबाबदारी मात्र राहते. बुद्धांनीही उपासकाला जे पाच व्यापार करू नको म्हटलं, त्यात पहिला शस्त्रांचा. तिथंही रोख हस्तांतरणावर आहे.

भगवतीसूत्रातला एक उतारा तर मला आजही झोपू देत नाही. हे श्वेतांबरांचं आगम. आम्ही दिगंबर ते प्रमाण मानत नाही, पण ज्यानं हा प्रश्न विचारला त्याच्यापुढं मी मान तुकवतो. एक माणूस धनुष्य ओढून बाण सोडतो, वाटेत जीव मरतात. हिंसेच्या पाच क्रियांपैकी त्याला किती क्रियांचा दोष लागतो? पाचही. इथपर्यंत ठीक. पुढं प्रश्न येतो: ज्या जीवांच्या शरीरांपासून ते धनुष्य घडलं, दोरी घडली, बाण घडला, पिसं आली, त्यांचं काय? उत्तर: त्यांनाही पाच. मेलेल्या बैलाचा स्नायू, तोडलेल्या झाडाचं लाकूड. त्यांचा काय अपराध? टीकाकार म्हणतात, त्या जीवांनी आपल्या शरीराचा त्याग व्रतपूर्वक केला नव्हता. सोडलं नव्हतं, म्हणून ते त्यांचंच राहिलं.

हे टोकाचं वाटेल. मलाही वाटतं. पण त्यामागची नजर बघा. मागं राहिलेली वस्तू आपण ‘सोडली’ आहे का, हा प्रश्न मेल्यावरही चालू राहतो, असं ती नजर सांगते. वारसापत्रात नाव लिहिणं म्हणजे सोडणं नव्हे. तो ठेवण्याचाच एक प्रकार.

जैनांनी शस्त्र धरलं नाही असं कुणी समजू नये. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर दहाव्या शतकाच्या अखेरीस उभा करणारा चामुंडराय गंगांचा सेनापती होता, लढाया मारलेला. आमच्या शास्त्रात गृहस्थाला संरक्षणाची, धंद्याची, स्वयंपाकघराची हिंसा पूर्ण टाळता येत नाही हे मान्य आहे. संकल्प करून केलेली हिंसा तेवढी त्यानं सोडायची. म्हणजे सगळा भार संकल्पावर. आणि इथं अक्काचा पिठाचा कोंबडा परत समोर येतो. मेंढा मारायचा माझा संकल्प नाही, मग मेंढ्याचा आकार कशाला हवा?

वर्तुळानं काम भागतं. कोल्हापूरनंच ते दाखवलंय. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य. स्वप्निल ज्या पन्नास मीटरच्या लक्ष्यावर गोळी झाडतो त्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. त्यात कुणी पडत नाही. भोक पडतं आणि आकडा येतो. त्या खेळाकडं पाहताना मला सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसलेल्या माणसाची स्थिरता दिसते, आणि हे मी पूर्ण आदरानं म्हणतो.

सिल्युएटमध्ये मात्र पडण्याची गोडी आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही. पाचवा मेंढा आडवा होतो, मागं बसलेला जोडीदार ‘गेला’ म्हणतो, आणि छातीत काहीतरी फुगतं. त्याला मी क्रोध म्हणणार नाही, लोभही नाही. एकशेआठातला तो मान आहे. यशोधराच्या कथेचा जो भाग आजी घाईघाईनं उरकायची, तो मी मोठेपणी वाचला तेव्हा हबकलो. कोंबडा-कोंबडी झालेले ते मायलेक मरतात कसे? यशोधराचाच मुलगा यशोमती, आता राजा, राणीला आपली शब्दवेधी विद्या दाखवावी म्हणून नुसत्या आवाजाच्या रोखानं बाण सोडतो आणि त्यात ते दोघं विद्ध होतात. भूक नव्हती, वैर नव्हतं, यज्ञही नव्हता. नेम किती अचूक आहे एवढंच दाखवायचं होतं. कथाकारानं पिठाच्या कोंबड्यापासून सुरुवात केली आणि शेवटचा घाव कौशल्याच्या हौसेला घालायला लावला. दहाव्या शतकात हे ज्यांना दिसलं त्यांनी नेमबाज फार जवळून पाहिले असणार.

मग मी हा खेळ सोडावा का? पुष्कळ विचार करूनही मला तसं वाटत नाही. यशोधरानं पिठावर घाव घातला तो मरणाचं फळ मिळावं म्हणून. कोंबडा मेल्याचं पुण्य त्याला हवं होतं, फक्त रक्त नको होतं. आमच्या ओळीतल्या कुणालाही मेंढ्याचं मरण नको असतं. सामना संपला की सगळे चालत जातात, पडलेल्या आकृत्या हातानं उचलून पुन्हा उभ्या करतात, त्यांना रंग लावतात. खरी जनावरं खुंटाला बांधणाऱ्यांनी एक दिवस पत्रा कापायचं ठरवलं, त्या निर्णयाचा मी वारस आहे आणि मला तो निर्णय मोलाचा वाटतो. मान मात्र माझा मला पाहावा लागेल. त्याला सरकारी परवाना लागत नाही आणि कुठला मेस्त्री तो काढून देत नाही.

पिस्तुलाचं तसं नाही. मी चांगल्या हेतूनं त्याला अधिक समर्थ केलं, आणि हेतू माझ्यासोबत संपणार आहे.

नळी बसवण्याच्या दिवशी त्यानं मला थांबू दिलं. नळी लेथच्या पोकळीतून आरपार घातलेली, दोन्ही टोकांना स्क्रूंनी धरलेली. डायलची सुई नळीच्या आतल्या खाचांवर टेकवून तो हातानं चक फिरवत होता आणि सुईची थरथर बघत एकेक स्क्रू केसभर आवळत होता. अर्ध्या थाऊवर, म्हणजे इंचाच्या दोन हजाराव्या भागावर, बहुतेक जण थांबतात. तो थांबला नाही. सुई स्थिर दिसू लागल्यावरही त्यानं चहाचा कप भरला, परत आला आणि नळी तापमानाला बसली का हे पाहायला पुन्हा चक फिरवला. रीमर आत जाताना तेलात भिजलेला चुरा बाहेर येई, तो ब्रशनं पुसायचा, रीमर पूर्ण बाहेर काढून साफ करायचा, मगच पुढं. शेवटी बोल्ट एका गेजवर अलगद मिटला आणि दुसऱ्यावर मिटायला नकार देऊन अर्ध्यात थांबला. दोन्ही त्यानं माझ्या हातानं करून घेतलं. अण्णा असते तर त्यांनी त्या माणसाला आपल्या स्टुलावर बसवलं असतं.

निघताना मी त्याला म्हटलं, माझ्यानंतर हे तुमच्याकडं येईल अशी व्यवस्था करतो, तुम्ही बोल्टची चौकट कापून टाका. कायद्याच्या दृष्टीनं तीच बंदूक. ती तुकडे झाली की बाकी नुसतं भंगार.

तो बराच वेळ पिस्तुलाकडं बघत राहिला. म्हणाला, “चांगल्या माणसाला द्या म्हणाल तर देईन. कापणं माझ्या हातून व्हायचं नाही. इतकं सरळ बसलेलं काम मी कापणार नाही.”

मी त्याला दोष देत नाही. ज्या निष्ठेनं त्यानं सुईची थरथर घालवली, तीच निष्ठा कापायला नकार देते. पण त्याची निष्ठा कामाशी आहे आणि मला व्रत पाळायचंय. आणि त्याच्या ‘चांगल्या माणसाला’ पुढंही कुणीतरी वारस असणारच.

अक्काला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “नियम कधी घेणार?” मी म्हटलं, घेतलाय. पिस्तूल विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, वारसात लिहायचं नाही. दुर्बिणीतून दोनशे मीटरवरचा मेंढा मला स्वच्छ दिसेनासा होईल, त्या महिन्यात मी स्वतः ती चौकट कापणार. गॅरेजमध्ये त्यासाठी लागेल ते सगळं आहे, आणि कायद्यानुसार ती कुठं कुठं कापायची त्याचा कागद मी काढून पिस्तुलाच्या पेटीतच ठेवलाय. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणतात. नेमाचा डोळा उजवा. रॅटनच्या पुढच्या सामन्याला नाव दिलंय.